परसातल्या जहाजाचे मालक

आमच्या परसात जहाज सापडलं हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं, आणि ते कुठल्या खड्ड्यात सापडलं हे ऐकून हसू येतं. म्हणून ते आधीच सांगून टाकतो. संडासाच्या टाकीच्या. पुढे आमच्याकडे मोठमोठे अधिकारी आले, टाय लावलेली माणसं आली, वर्तमानपत्रात माझा फोटोही आला. पण फोटोखाली 'शौचालयाच्या खड्ड्यात' हे शब्द घातल्याशिवाय त्या वार्ताहराला राहवलं नाही. ऑफिसात मला अजून पाठीमागे 'कप्तान' म्हणतात, आणि तोंडावर विचारतात, टाकी कुठवर आली?

टाकी आईसाठी होती. आईचे गुडघे गेले तेव्हा ती वरच्या मजल्यावर होती, आणि मग वरच राहिली. आमचा जिना अरुंद आणि उभा. धडधाकट माणूसही त्यावरून उतरताना भिंतीला धरतो. जेवण वर जायचं, औषधं वर जायची, डॉक्टर कुरकुरत का होईना वर जायचे. खाली मात्र काहीच यायचं नाही. वर्षं गेली. शेवटी मी ठरवलं की परसात आईसाठी एक छोटी खोली बांधायची. निर्णय माझा होता आणि मला त्याचा अभिमान होता. तो मी चारचौघांत बोलून दाखवला, ही पहिली चूक.

शेजारी कलमकाका राहतात. जन्मभर एका वकिलाकडे कारकुनी केली, त्यामुळे सकाळी दूधवाल्याशी बोलतानासुद्धा ते कुठलं तरी कलम लावतात. भिंतीवरून मान काढून त्यांनी विचारलं, "खोली बांधताय? मग संडास जोडूनच घ्या. संडास घेताय तर टाकी वेगळी घ्या. आणि टाकी घेताय तर खोल घ्या. माणूस एकदाच खणतो." शेवटचं वाक्य त्यांनी अशा काही गंभीरपणे उच्चारलं की मला नाही म्हणवेना. अशा रीतीने एका पलंगापुरत्या खोलीसाठी परसात विहीर होऊ लागली.

गवंडी भला माणूस, पण काम थांबवायला त्याला कारण लागायचं आणि ते त्याला नेहमी मिळायचं. त्या दिवशी ते जमिनीतून मिळालं. कुदळ लाकडावर आपटली. आधी त्याला झाडाचं खोड वाटलं. मग दुसरं निघालं, तिसरं निघालं, सगळी एकसारखी वाकलेली आणि ओळीने लावलेली. तो वर येऊन म्हणाला, "साहेब, खाली आधीच कोणीतरी बांधकाम केलंय." मी वाकून पाहिलं. मला काही कळलं नाही, म्हणून मी गंभीर चेहऱ्याने मान हलवली. कलमकाकांनी भिंतीवरून पाहिलं आणि निकाल वाचावा तसं सांगितलं, "जहाज आहे."

आमची वसाहत जुन्या खाडीत भर घालून वसवलेली आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण भर घालणाऱ्यांनी खाडी रिकामी आहे की नाही हे पाहिलं असेल, असा आपला आमचा समज.

"आता इथून हलायचं नाही," कलमकाका म्हणाले. ते एव्हाना भिंत ओलांडून आमच्याकडे आले होते. "जहाजाच्या कायद्यात मालकी मागाहून, ताबा आधी. सोडून दिलेलं जहाज ज्याला सापडलं आणि जो त्यावर टिकून राहिला, त्याचा पहिला हक्क. रिकामं सोडलंत की संपलं. दुसरा चढला की त्याचं."

"म्हणजे ज्याच्या हाती ससा तो पारधी?" मी विचारलं.

"तेच. फक्त ससा सोडायचा नाही."

सरकारी दवाखान्यात पाणी प्यायला उठून खुर्ची गमावलेला मी माणूस आहे. मला हा कायदा लगेच पटला. प्लास्टिकची खुर्ची खड्ड्यात उतरवली आणि मी तिच्यावर बसलो. जहाजाचं मी करणार काय, हे मला कोणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. आपलं आयुष्य म्हणजे भाजी निवडून आणणं आणि बसमध्ये उभं राहणं. त्यात कोणी एकदम जहाजाचा मालक म्हटलं की छाती फुगते. त्या दिवशी मी चहाही खड्ड्यातच प्यायलो.

मग पाळ्या लागल्या. सकाळी बायको, दुपारी मुलगी, बाकीचा वेळ मी. बायको खड्ड्यात बसून मटार सोलायची आणि मला बघितलं की एकच प्रश्न विचारायची, "अहो, आईंची खोली कधी होणार?" मी म्हणायचो, आधी मालकीचं तर ठरू दे. मुलगी पुस्तक घेऊन बसायची आणि मैत्रिणींना बोलवायची. मी रजेचा अर्ज केला. कारणाच्या जागी खरं तेच लिहिलं: घरी जहाज सापडल्यामुळे त्यावर हजर राहणे आवश्यक. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "लोक निदान सासू आजारी आहे असं तरी लिहितात हो. माझा काही मान ठेवा." रजा मिळाली, पण त्यांनी शेऱ्यात 'विचित्र' असा शब्द लिहिला. सचोटीचं फळ असं मिळतं.

बातमी फुटल्यावर पुरातत्त्व खात्याच्या बाई आल्या. गुडघाभर चिखलात बसून त्या बारीक ब्रशने लाकूड साफ करू लागल्या. मी मालक म्हणून स्वतःची ओळख करून दिली. त्या वर न बघता म्हणाल्या, "मालक असा नाहीतर कोणीही, त्या फळीवरचा पाय काढा." हवा लागली की असं लाकूड वाळतं आणि तडकतं, तेव्हा ते सतत ओलं ठेवायला हवं, असं सांगून त्यांनी मला गोणपाटं भिजवायच्या कामाला लावलं. जहाजाच्या मालकाला एवढंच काम असतं हे मला माहीत नव्हतं. दिवसभर मी बादल्या वाहिल्या. वरून आईचा आवाज यायचा, "अरे, काय चाललंय?" मी ओरडून सांगायचो, "तुझ्याच खोलीचं!"

बाईंनी दोरी लावून जहाज मोजलं आणि तिथेच घात झाला. जहाजाचा मागचा भाग आमच्या परसात, आणि पुढचं टोक भिंतीखालून जाऊन थेट कलमकाकांच्या कपडे वाळत घालायच्या दोरीखाली. हे ऐकून काका भिंत ओलांडून आपल्या घरी गेले. त्या संध्याकाळी ते आमच्याकडे चहालाही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर भिंतीपलीकडे खड्डा, खड्ड्यात खुर्ची आणि खुर्चीत काका.

"काका, हे काय?"

"पुढचं अर्धं माझं. आणि जहाज ओळखलं जातं ते पुढच्या टोकावरून."

"पण तुम्ही तर माझे सल्लागार!"

"होतो. आता प्रतिपक्ष आहे." मग सवयीने आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या जागी मी असतो तर आज दुपारच्या आत माझ्यावर मनाई हुकूम आणला असता."

एका जहाजावर दोन कप्तान आणि मधे भिंत, असं आमचं चालू असताना गवंडीही उठला. सापडलं कुणाच्या कुदळीला, असा त्याचा सरळ सवाल होता. तो खड्ड्याच्या काठावर कुदळ मांडीवर घेऊन बसला. मी म्हटलं, बसला आहेस तर कोपऱ्यातली माती तरी ओढ. तो म्हणाला, "नाही साहेब. ही कुदळ आता पुरावा आहे. वापरता येणार नाही."

बंदर खात्याचे साहेब आले. बंदराच्या हद्दीतलं कुठलंही जहाज त्यांच्या खात्याकडे नोंदवलेलं हवं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पेन काढून विचारलं, "जहाज कधी आलं?"

"आमच्या आधी," मी म्हणालो.

"निघणार कधी?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते चेष्टा करत नव्हते. मी सांगितलं की भरतीवर अवलंबून आहे, पण अवघडच दिसतंय. त्यांनी ते लिहून घेतलं.

सगळ्यात सभ्य माणूस विमा कंपनीचा. टाय, चकचकीत बूट, हातात कातडी बॅग. तो म्हणाला, "हे जहाज बुडालं तेव्हा आमच्या आधीच्या कंपनीने नुकसानभरपाई दिली होती. भरपाई दिली की बुडालेली वस्तू देणाऱ्याची होते. म्हणजे जहाज आमचं." त्याचं बोलणं इतकं मऊ होतं की मी जवळजवळ जहाज त्याच्या बॅगेत भरून देणार होतो. तेवढ्यात भिंतीपलीकडून काका गरजले, "जहाजाचं नाव सांगा!"

"नाव शोधतो आहोत."

"म्हणजे जे जे बुडेल ते ते तुमचं?"

आमच्याच खड्ड्यात आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायला आलेल्या या माणसाला काकांनी परतवलं म्हणून मला भरून आलं. मग आठवलं, काकाही नागोबाच. आणि खरं बघायला गेलं तर मीही. बीळ दुसऱ्याच कुणीतरी केलेलं होतं आणि त्याचं नावही आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. हा विचार मला फारसा आवडला नाही, म्हणून मी आणखी एक बादली आणायला गेलो.

माझी रजा संपली. मुलीची परीक्षा आली. बायकोच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं. आता जहाजावर बसणार कोण? काका भिंतीपलीकडून डोळा ठेवून होते, गवंडी काठावर टपलेला. आम्ही स्वयंपाकघरात याची कुजबुज करत होतो, तेव्हा वरून आई म्हणाली, "मला बसवा."

"आई, तू जिना कसा उतरणार?"

"तुम्ही उतरवा. ताबा ठेवायला गुडघे कशाला लागतात? बसायचंच तर आहे."

गवंड्याने आणि मी तिला खुर्चीसकट उचललं. वळणावर तिसरा हात लागला, तेव्हा काका धावत आले. "माझ्या हक्काला बाधा न येता," असं मोठ्याने जाहीर करून त्यांनी खुर्चीचा पाय धरला. आई खाली आली. परसात आली. बाईंनी येण्याजाण्यासाठी उतार केला होता, त्यावरून ती जहाजावर पोचली. मी डोक्यावर छत्री बांधून दिली आणि ऑफिसला गेलो.

परत आलो तर परसात पाय ठेवायला जागा नाही. कोपऱ्यावरची शिंपीणबाई, औषधाच्या दुकानवाला, मुलीच्या मैत्रिणी, बंदरवाले साहेब, सगळे खड्ड्याभोवती बसलेले. मधे आई, कुणाची तरी फिरकी घेत होती. ती हसली. तो हसण्याचा आवाज माझ्या ओळखीचा होता, पण शेवटचा कधी ऐकला ते आठवेना. मला एकदम गलबलून आलं आणि ते लपवायला मी शिंपीणबाईंवर उगाच खेकसलो की फळीवर पाय ठेवू नका.

संध्याकाळी मी म्हणालो, "चल आई, वर नेतो."

"ताबा सुटेल," ती म्हणाली, आणि हलली नाही. शेवटी स्वयंपाकघरात, परसाच्या दारापाशी घडीची खाट टाकली. तिथून जहाज दिसतं, तेव्हा कायद्याने चालेल, असं काकांनी प्रतिपक्ष असूनही मत दिलं. स्वयंपाकघरात वावरताना बायकोची त्रेधा उडायची, पण ती खाटेला वळसा घालून काम उरकायची. मी आईला समजावलं, "थोडे दिवस अडचण सोस. हे मिटलं की मागे तुझी ऐसपैस खोली." ती बरं म्हणाली. आईच्या 'बरं'चे पुष्कळ अर्थ होतात, आणि मी नेहमी मला सोयीचा तेवढा घेत आलो.

एक दिवस हॉस्पिटलातली एक नर्स ड्यूटी संपवून तशीच आली. खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. टायवाल्याने तिला विचारलं, आपला दावा कुठला? ती गोंधळली. म्हणाली, "दावा नाही हो. आमच्या घरात सांगतात, पणजीचे वडील जहाजावर गेले ते परत आले नाहीत. हेच जहाज असेल असं काही नाही. पण आत... कोणी सापडलं का?"

पुरातत्त्वच्या बाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला. नाही, म्हणाल्या, बहुधा सगळे वेळेवर उतरले असावेत. नर्सने मान हलवली. आईने तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं. नर्स जहाजाच्या एका वाकलेल्या लाकडावर हात ठेवून जरा वेळ बसली आणि निघून गेली.

ती गेल्यावर कोणी दाव्याची भाषा काढली नाही. इतके दिवस आम्ही सगळे जहाज कुणाचं म्हणून भांडत होतो. त्यात माणसं होती हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आई मला म्हणाली, "कुणाचं आहे ते सगळे विचारतात. कुणासाठी होतं ते एकटी तीच विचारायला आली." मी नुसता हो म्हणालो.

शेवटी या सगळ्या दाव्यांच्या सुनावणीसाठी नेमलेले सरकारी अधिकारी स्वतः घरी आले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, तर कोर्टच आमची पायरी चढून आलं. मी पुढची खोली उघडली. आमची पुढची खोली पाहण्यासारखी आहे: सोफासेट, काचेचं कपाट, कपाटात न वापरलेले कप. सोफ्यावर काका, टायवाला आणि बंदरवाले साहेब दाटीने बसले. गवंडी कुदळ घेऊन दारात उभा. बाई खिडकीपाशी. ताबा तिचा म्हणून आईलाही खुर्चीसकट आत आणलं. ती मान फिरवून खोली बघत होती.

अधिकाऱ्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग विचारलं, "जमिनीचे मालक कोण?"

मी घसा साफ केला. या क्षणासाठी मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. "मी," म्हणालो.

"घर माझ्या नावावर आहे, साहेब," आई म्हणाली. "ह्याचे वडील करून गेले."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. घराची पट्टी मी भरतो, नळ मी दुरुस्त करतो, त्यामुळे लक्षात राहिलं नव्हतं. काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

"मग दावा तुम्ही सांगायचा, आजी. जहाजावर तुमचा दावा आहे?"

"नाही."

"मावशी, विचार करून बोला!" काका सोफ्यावरून अर्धे उठले. प्रतिपक्षाचा दावा बुडताना त्यांना बघवेना.

"विचार करायला मला वर पुष्कळ वेळ मिळाला हो," आई म्हणाली. "जहाज माझ्या आधीपासून इथे आहे. त्याचं काय ते तुम्ही ठरवा. पण साहेब, कुणाचं काय हे ठरवायलाच आला आहात ना? मग या खोलीचंही ठरवून टाका."

"कुठल्या?"

"ही. आपण बसलोय ती." तिने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. "माझा मुलगा माझ्यासाठी मागे खोली बांधायला निघाला. चांगला आहे तो, कष्ट करतो. पण इथे एक खोली आहे, साहेब. जिन्याखाली मोरी आहे, संडास आहे. दार रस्त्यावर उघडतं. कधी कोणी पाहुणा आला तर ह्या सोफ्यावर बसतो, नाहीतर ही बंदच असते. मला इथे पलंग टाकायचा आहे. कुणाची हरकत असेल तर आत्ताच विचारा."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, हे जास्त लागलं. मला खूप काही म्हणायचं होतं. नकाशा काढला होता, विटांची चौकशी केली होती, तुझ्यासाठीच तर हे सगळं, असं. पण त्यातलं एकही वाक्य त्या सोफ्यासमोर उभं राहीना.

अधिकारी हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन. त्यांनी पेन उचललं आणि बाकीच्यांना विचारलं होतं त्याच सुरात विचारलं, "या खोलीवर कुणाचा प्रतिदावा?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. काका माझ्या कानाशी वाकले. "हरकत घेऊ नका," ते कुजबुजले. "हराल."

"नाही," मी म्हणालो. "कुणाचा नाही."

जहाजाचा निकाल यथावकाश लागला. जहाज सरकारचं, आणि बाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्याला सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे ते होतं तीच. त्यावर वाळू आणि माती टाकून ते पुन्हा झाकलं. त्या जमिनीवर आता काहीही बांधता येणार नाही. काकांनी अपील केलं आहे आणि माझ्या वतीने काय म्हणायचं तेही मला लिहून दिलं आहे. खोलीचा निकाल मात्र त्याच दिवशी अमलात आला. सोफा वर न्यायचा होता. तो जिन्याच्या वळणावर अडकला आणि एका जहाजावर ज्यांचं एकमत झालं नाही ती सगळी माणसं त्याच्याखाली खांदा देऊन उभी राहिली. टायवाल्याने टाय खांद्यावर टाकला होता. गवंड्याने कुदळ पहिल्यांदाच बाजूला ठेवली.

आता पुढच्या खोलीचं दार दिवसभर उघडं असतं. शिंपीणबाई येतात, औषधवाला येतो, नर्स ड्यूटीवरून घरी जाताना डोकावते. काका रोज येतात आणि आईला अपिलाची प्रगती सांगतात. माझा सोफासेट वर आहे. त्यावर बसायला अजून कोणी आलेलं नाही.

परवा ऑफिसातून आलो तर आईच्या खोलीत सगळ्या खुर्च्या भरलेल्या. मी डबा हातात घेऊन दारातच उभा राहिलो. घरात जागा नाही म्हणून परसात विहीर खणणारा माणूस, आता कुठे टेकावं ते बघत होतो. आई बोलता बोलता थांबली. तिने दुखरे पाय हातांनी उचलून जरा आत ओढले, पलंगाची कड मोकळी केली आणि ती थोपटत म्हणाली, "उभा काय राहिलास? ये, बस. जागा आहे."